मुद्रकाची ओळ

जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठामागे, किंवा अगदी शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपातली एक ओळ असते. अमुक यांनी अमुक छापखान्यात, अमुक गल्लीत, घर नंबर अमुक येथे छापिले. ही ओळ कोणी हौसेने घातलेली नाही. १८६७ सालच्या छापखाने व पुस्तक नोंदणीच्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण छापणे सक्तीचे केले होते. सत्तावन्नच्या उठावानंतर दहा वर्षांनी आलेल्या या कायद्यामागे छापखान्यांवर नजर ठेवण्याचा हेतू होता हे उघड आहे. परंतु सरकारच्या या संशयाने आपल्यावर एक उपकार करून ठेवला. मराठी ग्रंथव्यवहार ज्यांच्या हातांतून गेला त्या लहान लहान धंदेवाल्यांची नावे या ओळीमुळे टिकून राहिली.

आपले वाङ्मयेतिहास मात्र मुखपृष्ठ वाचतात, ही ओळ वाचत नाहीत. ते ग्रंथकार, ग्रंथ, वाद आणि संप्रदाय यांचे असतात. छापखाना त्यांत आलाच तर 'मुद्रणकलेचा प्रसार' अशा शीर्षकाच्या एका परिच्छेदात येतो आणि रेल्वे व तारायंत्र यांच्या शेजारी उभा राहतो. जणू तोही इंग्रजांबरोबर बोटीतून आलेला एक पदार्थ. वस्तुतः छापखाना हे यंत्र कमी आणि धंदा अधिक होता. त्याला भांडवल लागे, कारागीर लागत, उधारी वसूल करावी लागे, आणि महिनाअखेरीस जुळाऱ्यांचा पगार द्यावा लागे. मराठीत काय छापले गेले आणि काय छापले गेले नाही, याचा निर्णय पुष्कळदा या जमाखर्चाने केलेला आहे. प्रस्तुत लेखात तेवढेच दाखवण्याचा प्रयत्न आहे.

पहिली गोष्ट अशी की, केवळ यंत्र येऊन भागत नाही. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ साली, फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' रायतूरला छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण लिपी रोमन! देवनागरीचे खिळे पाडणे जमले नव्हते. पुढे १६७४ साली सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांच्या खटपटीमुळे ईस्ट इंडिया कंपनीने विलायतेहून एक मुद्रक मुंबईस धाडला. भीमजींना आपल्या धर्माचे जुने ग्रंथ छापून हवे होते. पैसा त्यांच्यापाशी होता, इच्छाही होती; परंतु आलेल्या माणसाला छापता येत होते, अक्षरे कोरता येत नव्हती. प्रकरण तेथेच थांबले. पैसा, यंत्र आणि धर्मकार्याची उमेद अशा तिन्ही गोष्टी असूनही एका गोष्टीवाचून अडले : लिपी ज्याच्या हातात आहे असा कारागीर.

इंग्रजीला सव्वीस अक्षरांची दोन रूपे, आकडे आणि विरामचिन्हे एवढ्यावर भागवता येते. देवनागरीत स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांचा हिशेब केला की खिळ्यांची संख्या काही शेकड्यांवर जाते. मात्रा आणि उकार वेगळे पाडावेत, तर एका ओळीसाठी वर, मध्ये आणि खाली अशा तीन थरांची जुळणी करावी लागते आणि अक्षर व मात्रा यांच्यामध्ये फट राहते. अखंड अक्षरे पाडावीत, तर खिळ्यांची संख्या आणखी वाढते आणि जुळाऱ्याला केसमध्ये हात कोठे घालायचा हे पाठ व्हायलाच वर्षे लागतात. ही अडचण विद्वानांनी सोडवायची नव्हती. पोलादावर ठसा कोरणाऱ्या, तो तांब्यात ठोकून साचा करणाऱ्या आणि त्यात शिशाचा रस ओतणाऱ्या माणसाने ती सोडवायची होती. बंगालमध्ये श्रीरामपूरला पंचानन कर्मकार याने ती सोडवली आणि विल्यम केरीच्या मराठी व्याकरणाला १८०५ साली नागरी खिळे मिळाले. मुंबईत हे काम अमेरिकन मिशनच्या छापखान्यात झाले. तेथे टॉमस ग्रॅहम नावाचा कारागीर खिळे पाडण्यात निष्णात झाला होता.

मिशनचा छापखाना ख्रिस्ताच्या कार्यासाठी होता. पण कोणत्याही कारखान्याप्रमाणे त्यातूनही कसब शिकलेली माणसे बाहेर पडली, आणि ती आपल्यासाठी निराळे काम शोधू लागली. मराठी मुद्रणाचा खरा इतिहास या बाहेर पडलेल्या माणसांपासून सुरू होतो असे मला वाटते.

त्यांतले पहिले मोठे नाव गणपत कृष्णाजी यांचे. भंडारी समाजातला हा माणूस मिशनच्या छापखान्यात कामाला होता. तेथील शिळाछाप पाहून त्याने लाकडाचे यंत्र स्वतः तयार केले, दगडाचा तुकडा मिळवला, शाईचे प्रयोग केले, आणि १८३१ साली मराठीतले पहिले छापील पंचांग काढले. या खटपटीचे वर्णन गोविंद नारायण माडगावकर यांच्या 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या ग्रंथात आले आहे. पुढे त्याने लोखंडी यंत्र घेतले आणि खिळेही स्वतः पाडले. छापील कागद विटाळाचा मानणाऱ्या लोकांसाठी शाईत चरबीऐवजी तूप वापरल्याची हकीकत सांगितली जाते. ही हकीकत आपण 'सनातन्यांची गंमत' म्हणून सांगतो. ती एका दुकानदाराच्या नजरेने पाहावी. गिऱ्हाईक माल घेत नाही, कारण त्याला कच्च्या मालाची शंका आहे. म्हणून दुकानदार कच्चा माल बदलतो. समाजसुधारकाने वर्षानुवर्षे व्याख्याने देऊन जो संकोच हटवला नसता, तो एका कारखानदाराने शाईची कृती बदलून बाजूला केला. यात क्रांती नाही, तडजोड आहे. पण छापलेला मराठी शब्द घराघरांत शिरला तो या तडजोडीच्या वाटेने.

आणि पहिला छापील माल पंचांग होता, हेही अर्थपूर्ण आहे. पंचांगासारखे पुस्तक प्रकाशकाला दुसरे नाही. ते दर पाडव्याला जुने होते. ते उसने आणून भागत नाही, कारण रोज लागते. खप आगाऊ अजमावता येतो आणि पैसा रोख येतो. कवितेचे पुस्तक छापले की ते कपाटात बसते आणि त्यात अडकलेले भांडवलही बसते. पंचांगात अडकलेले भांडवल वर्ष संपण्याच्या आत सुटून येते. ज्याच्यापाशी पेढी नाही, जहागीर नाही, आश्रयदाता राजा नाही, अशा माणसाने ग्रंथव्यवहारात उतरायचे तर पायाखाली काहीतरी असेच लागते.

जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा दिसतो. गरिबीमुळे शिक्षण फारसे झालेले नाही. लहानपणीच मिशनच्या छापखान्यात ग्रॅहमच्या हाताखाली खिळे घासण्याचे काम, पगार महिना दोन रुपये. नंतर 'टाइम्स' आणि 'इंदुप्रकाश' यांच्या छापखान्यांत नोकरी. १८६४ साली त्यांनी स्वतःचा धंदा काढला, तो छापखान्याचा नव्हे, तर खिळे ओतण्याचा. राणोजी रावजी आरू हे अक्षरे कोरण्यात कुशल असलेले मित्र जोडीला होते. छापखाना आला १८६९ साली, आणि त्याचे व पंचांगाचे नाव एकच : निर्णयसागर.

आधी ओतशाळा आणि मग छापखाना, हा क्रम नीट लक्षात घ्यायला हवा. जो स्वतःचे खिळे पाडतो त्याला अक्षर सुधारता येते; जो ते विकतो त्याचे अक्षर दुसऱ्यांच्याही पुस्तकांत जाते. निर्णयसागरचे सुबक, ठसठशीत वळण मुंबईबाहेर दूरदूर गेले. गावोगावच्या लहान छापखानदाराला आता ठसे कोरणारा माणूस पदरी ठेवण्याची गरज उरली नाही. खिळ्यांच्या पेट्या मागवल्या, एक हातयंत्र घेतले, दोन जुळारी ठेवले की धंदा सुरू. जिल्ह्याच्या गावांतून निघालेली वृत्तपत्रे आणि मासिके ज्या पायावर उभी राहिली, तो पाया असा शिशाचा होता.

जावजींनी पंचांगाच्या आणि खिळ्यांच्या उत्पन्नावर काय केले? १८८१ पासून विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' हे मुलांचे मासिक छापले. वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली जुन्या मराठी कवींचे काव्य 'काव्यसंग्रह'मधून क्रमाने प्रसिद्ध केले. आणि १८८६ साली पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांना हाताशी धरून 'काव्यमाला' सुरू केली. हस्तलिखितांच्या पोथ्यांत पडून असलेले कितीतरी संस्कृत काव्य-नाटक-अलंकारग्रंथ या मालेतून प्रथमच छापून आले, आणि काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीचा पत्ता युरोपातल्या संस्कृत पंडितांच्या मेजावर जाऊन पोचला. हे काम विद्यापीठाचे होते, ते एका कारखानदाराने केले. त्याला स्वतःला शास्त्राध्ययनाचा अधिकार परंपरेने दिला नव्हता, शाळेनेही दिला नव्हता. पण शुद्ध छापलेल्या पानाची किंमत त्याला कळत होती, कारण अशुद्ध खिळा कसा दिसतो हे तो लहानपणापासून बोटांनी ओळखत आला होता. तेव्हा येथे व्यवसाय हा संस्कृतीचा केवळ पोशिंदा नाही. ती चांगली म्हणजे काय, याची एक कसोटी त्याने स्वतःच्या हातकामातून आणलेली आहे.

पुण्याकडे पाहिले तर उलट दिशेने आलेला माणूस भेटतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे जावजींसारखे कारागिरीतून ग्रंथांकडे आले नाहीत, ग्रंथांतून धंद्याकडे आले. 'निबंधमाला' (१८७४–१८८१) आणि तिची वाघिणीच्या दुधाची ऐट आपण विसरत नाही. पण याच माणसाने किताबखाना हे पुस्तकांचे दुकान काढले, १८७८ साली चित्रशाळा छापखाना काढला, आणि आर्यभूषण छापखान्याच्या उभारणीत भाग घेतला, हे मात्र चरित्राच्या शेवटच्या प्रकरणात ढकलले जाते. चित्रशाळेची नाना फडणीस, रामपंचायतन यांसारखी रंगीत चित्रे भिंतीभिंतींवर लागली. निबंध वाचणाऱ्यांची संख्या किती असणार? चित्र मात्र अक्षरशत्रूलाही विकत घेता येत होते. १८७९ साली सरकारी नोकरी सोडल्यावर शास्त्रीबुवांना जे स्वातंत्र्य लागत होते, त्याचा अर्थ त्यांनी अगदी व्यवहारी लावला होता : ज्याचा छापखाना त्याचे मत. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला तो या समजुतीतून.

पण ज्याचा छापखाना त्याचे मत, हे सूत्र खरे असेल तर त्याची दुसरी बाजूही खरी आहे : ज्याचा छापखाना नाही त्याचे काय? येथे आपल्या या गौरवकथेला थांबावे लागते. जोतीराव फुले स्वतः यशस्वी व्यावसायिक होते. बांधकामाची कंत्राटे घेत. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढला तो सत्यशोधकांना आपले पत्र हवे म्हणून. तरीही जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून झाला, 'दीनबंधु'त त्याची पहिली प्रकरणे आली आणि पुढची आली नाहीत. आपल्या विचाराचा छापखानाही भ्यायला! यात भ्याडपणा असेलच, पण त्यापलीकडे लहान धंद्याचे एक जन्मजात दुबळेपण आहे. मोठ्या संस्थेवर खटला झाला तर एक विभाग बंद पडतो. लहान छापखानदारावर खटला झाला तर यंत्र जप्त होते आणि घरातली चूल विझते. कायद्याने सक्तीची केलेली ती मुद्रकाची ओळ त्याच्या दाराचा पत्ताच सरकारला सांगत होती. लेखकाला हुतात्मा होण्याची मुभा असते. मुद्रकाला ती परवडेलच असे नाही.

पुढे १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' निघाला तेव्हा डॉ. आंबेडकरांनाही या सूत्राचा अनुभव आला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले म्हणून पत्र उभे राहिले, आणि त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. बाबासाहेबांनी पुढे स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा केला, तो यामुळे केवळ सोयीचा भाग ठरत नाही. दादरच्या ज्या आंबेडकर भवनात हा छापखाना बुद्धभूषण या नावाने ओळखला जाई, ती वास्तू २०१६ च्या जूनमध्ये एका रात्रीत पाडली गेली. त्यानंतर जे लोक रस्त्यावर उतरले, त्यांच्या दुःखाचा विषय विटा नव्हत्या, हे सांगायला नको. दुसऱ्याच्या दारात आपला मजकूर घेऊन उभे राहावे लागू नये, यासाठी एका माणसाने उभारलेली ती जागा होती.

विसाव्या शतकाच्या मध्याला या परंपरेचे आणखी एक रूप गिरगावातल्या खटाववाडीत दिसते. मौज म्हटले की आपल्याला 'सत्यकथा' (१९३३–१९८२) आठवते, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची लेखकांना गेलेली पत्रे आठवतात, नवकथा आणि नवकविता आठवते. पण खटाववाडीत संपादकाच्या मेजाशेजारीच मौज प्रिंटिंग ब्यूरोची यंत्रे होती. शुद्धलेखनाचा, मुद्रितशोधनाचा, समासाचा आणि ओळींमधल्या अंतराचा जो काटेकोरपणा 'मौजेचे पुस्तक' या दोन शब्दांत आपण गृहीत धरतो, तो संपादक आणि जुळारी एका छपराखाली असल्याशिवाय येत नाही. कथेचा शेवट बदलावा काय, हा प्रश्न आणि चौदाव्या फर्म्यातला तुटका उकार, या दोन्ही गोष्टी तेथे एकाच दिवसाच्या कामात मोडत होत्या.

याच सुमारास पुण्यात रा. ज. देशमुख यांनी १९५९ साली खांडेकरांची 'ययाति' काढली आणि १९६३ साली पंचविशीतल्या, कोणाला ठाऊक नसलेल्या भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला'. एका माणसाच्या नावाने चालणाऱ्या प्रकाशनाला हे शक्य होते, कारण तेथे समिती नव्हती, खपाचा अहवाल नव्हता. मालकाला पटले की पुस्तक छापखान्यात गेले. 'ययाति'च्या वाचकाला 'कोसला' रुचेल असे कोणत्याही हिशेबाने निघाले नसते.

परंतु एका माणसाची आवड ही जशी मोकळी वाट होऊ शकते तशीच बंद दारही होऊ शकते. साठीच्या दशकाच्या अखेरीस राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला, तो मौजेच्या दर्जावरचा राग नव्हता. त्या दर्जाची किल्ली एकाच घरात असल्याचा राग होता. या रागाला मिळालेले उत्तर मात्र पुन्हा लहान धंद्याचेच, किंबहुना त्याहूनही लहान होते. पन्नाशीच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' सायक्लोस्टाइल करून काढले होते. मग अनियतकालिकांची रांग लागली. भांडवल म्हणजे खिशातले पैसे, वितरण म्हणजे खांद्यावरची पिशवी. बहुतेक दोन-चार वर्षांत बंद पडली. पण त्या धडपडीतून अशोक शहाणे यांचे प्रास प्रकाशन निघाले, १९७७ साली 'अरुण कोलटकरच्या कविता' आल्या, आणि २००३ साली 'भिजकी वही'. कोलटकर हे व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातले कलाकार, शहाणे हे मुद्रिताच्या प्रत्येक टिंबावर रेंगाळणारे. त्या पुस्तकांचे पान पाहिले की गणपत कृष्णाजींचे लाकडी यंत्र आठवते. मजकूर आणि त्याचे दृश्य रूप या दोन्हींची जबाबदारी त्याच दोन-तीन माणसांवर आहे, आणि नुकसान झाले तर तेही त्यांचेच आहे.

एवढ्या प्रवासातून एक गोष्ट निघते. सांस्कृतिक क्षेत्रातल्या लहान व्यवसायांचे कौतुक करताना आपण सहसा 'तोटा सोसून केलेली सेवा' असे म्हणतो. हे कौतुक मला चुकीचे वाटते. गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी यांनी तोटा सोसला नाही. त्यांनी नफ्याची आणि ध्यासाची अशी सांगड घातली की पंचांगाने पोथीला पोसले. शहरोशहरीच्या छापखान्यांनीही लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि दुकानांची बिले छापून झाल्यावर उरलेल्या वेळात स्थानिक कवीचा संग्रह छापला. ही किरकोळ कामे म्हणजे साहित्याच्या आड येणारा संसार नव्हे. साहित्य त्या संसारातच वाढले. म्हणून ती कामे जेव्हा आटली तेव्हा साहित्याचेही पाठबळ आटले. ऑफसेट आले, ऐंशी-नव्वदच्या दशकांत संगणकावरची अक्षरजुळणी आली, आणि गावोगावचे खिळे शिशाच्या भावाने मोडीत गेले. यंत्र बदलणे अपरिहार्य होते, त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. पण खिळ्यांबरोबर जुळारी गेला, आणि लेखकाची चूक छापण्यापूर्वी शेवटची हाताखालून जात असे असा तो वाचक होता. ती जागा नंतर कोणी भरली असे म्हणवत नाही.

पंचांगाची युक्ती तेवढी मेली नाही. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढले तेव्हा तिथी-वारांच्या पानांमागे लेख छापण्याची कल्पना केली, आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले मराठी गद्य अशा घरांत गेले की जेथे दुसरे पुस्तक नसेल. १८३१ पासून १९७३ पर्यंत सूत्र एकच आहे : जे लागतेच त्याच्या पाठीवर, जे लागायला हवे ते बसवून द्यायचे.

राहिली ती मुद्रकाची ओळ. १८६७ चा कायदा आता उरलेला नाही. त्याच्या जागी २०२३ साली संमत झालेला नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला, आणि त्याने पुस्तके आपल्या कक्षेतून वगळली. दीडशेहून अधिक वर्षे जे नाव सरकारच्या धाकाने छापले गेले, ते यापुढे छापायचे की नाही हे आपल्यावर आले आहे. ज्याने अक्षर पाडले, जुळवले, छापले आणि त्यापायी आपले भांडवल अडकवले, त्याला ग्रंथाचा एक कर्ता मानायचे की नाही, हा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासांनी टाळला. निदान पुस्तकाच्या शेवटच्या पानाने तरी तो टाळू नये.